त्याच्या नावाचं खातं

माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून मी रोज सकाळी त्याच्या सर्व्हरचा लॉग वाचू लागले. इंझोरीच्या भाजी पिकवणाऱ्यांसाठी त्याने एक साधं संकेतस्थळ केलं होतं. आज कोणाच्या वावरात काय माल निघतो, त्याचे फोटो तिथे लागत आणि रिसोडचे दुकानदार ते पाहून फोन करत. सगळं भाड्याच्या एका सर्व्हरवर चालायचं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. थोडं त्याने हौसेने शिकवलं होतं, उरलेलं मी पुस्तकांतून शिकले.

सर्व्हरमध्ये कोण आलं आणि कोणाला आत घेतलं नाही, हे लॉगमध्ये लिहिलं जातं. कुठल्या कुठल्या अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड लावून पाहणाऱ्यांच्या ओळींनी तो भरलेला असे. पण पहाटेच्या ओळींत त्याचंही नाव असे. तो आत आला, थोड्या वेळाने गेला.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. गावात आमच्या घराची किल्ली ओसरीच्या कोनाड्यात असायची, आणि ती तिथे असते हे सगळ्या आळीला माहीत होतं. सर्व्हरचंही त्याने तसंच केलं. वेगवेगळी खाती कशाला, म्हणून सगळ्यांना स्वतःच्याच खात्याचा पासवर्ड देऊन टाकला. पहाटे माल तोडून फोटो टाकणारी माणसं त्याच्या नावाने आत येत. हे कळत असूनही ती ओळ दिसल्याशिवाय मी चहा ठेवत नसे.

मग एके दिवशी चुकलेल्या पासवर्डांच्या ओळींतही त्याचं नाव दिसलं. पत्ता आमच्यातल्या कोणाचाच नव्हता. कोणी परका त्याचं नाव घेऊन दार ठोठावत होता, आणि आमचा पासवर्ड होता गावाचं नाव, पुढे दोन आकडे. कधीतरी त्याला तो सापडणारच होता.

भावाचं खातं बंद करणार असल्याचं सगळ्यांना फोनवर कळवून रविवारी मी इंझोरीला गेले. शेजारचे काका बाजेवर बसले होते.

"त्याचं खातं कायले बंद करून राह्यली वं?" ते म्हणाले. "आमच्यावर भरवसा नाही काय?"

"तुमच्यावर हाय, काका. पासवर्डवर नाही. तो साऱ्या गावाले माहीत हाय."

"गावाले कोनं सांगतला?"

"तुमीच सांगतला," काकू आतून म्हणाल्या. "जावयालेबी सांगतला."

"मंग जावयापासून लपवू काय?"

सगळे हसले. मग काका हळूच म्हणाले, "त्याच्या नावानं आत जातो, तं तो हाय असं वाटते."

मी त्यांचा फोन मागून घेतला आणि त्यात त्यांच्या नावाची किल्ली तयार केली. ही किल्ली म्हणजे सर्व्हरला ओळख पटवणारी एक फाइल, ती त्या फोनमध्येच राहते. पासवर्डासारखी ती तोंडी सांगता येत नाही. मग काकूंची केली, मग बाकीच्यांची.

घरी येऊन कामाला बसले. भावाने प्रयोगासाठी सुरू करून विसरलेल्या सेवा थांबवल्या. लागतात तेवढेच मार्ग फायरवॉलमध्ये उघडे ठेवले. प्रत्येकाला वेगळं खातं दिलं, आपापल्या फोल्डरपलीकडे जाता येणार नाही असं. शेवटी पासवर्डाने आत येणंच बंद केलं. संगणकाच्या पडद्यावर सर्व्हरची एक खिडकी मात्र मी सुरुवातीपासून उघडी ठेवली होती. नव्या वाटेने कोणी आत येऊन दाखवल्याशिवाय जुनी खिडकी मिटायची नाही, नाहीतर आपणच बाहेर राहतो, हे त्यानेच शिकवलं होतं. त्या खिडकीत मी त्याच्या नावाने आत होते.

काकूंना फोन करून एक फोटो टाकायला सांगितलं. लॉगमध्ये त्यांचं नाव आलं. पाठोपाठ माझ्या किल्लीने मीही आत जाऊन पाहिलं. सगळं नीट चाललं होतं. आता जुनी खिडकी उघडी ठेवायला काही कारण नव्हतं.

तरी मी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले. मग तिथे exit लिहिलं. लॉगमध्ये त्याच्या नावापुढे तो गेल्याची ओळ आली. त्याच्या फाइली तशाच ठेवून मी खात्याला कुलूप लावलं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. "झालं काय वं बंद?"

"झालं."

ते म्हणाले, "उद्या वांगे तोडतो. माह्या नावानं फोटो आला का, पाहून घेजो."

पाहते, म्हटलं. सकाळी उठून लॉग वाचायचाच होता.