खिडकीपर्यंतच्या रेषा

गल्लीत तिला सगळे मापबाई म्हणत. तिचं खरं नाव ज्यांना ठाऊक होतं, ते केव्हाच देवाघरी गेले होते. चाळीस वर्षं तिने दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच खोलीत लोकांचे कपडे शिवले. माणूस दारात उभं राहिलं की टेप हातात घ्यायच्या आधीच तिला कळायचं, याचा उजवा खांदा बोटभर खाली आहे, हिने पोट आत ओढून धरलंय. मग ती म्हणायची, "श्वास सोड गं बाई. खोट्या मापाचा कपडा पहिल्या जेवणाला उसवतो."

लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला तिने याच मशीनवर शिकवून मोठा केला, आणि मोठा झाल्यावर तो रीतसर लांब गेला. त्याची तिने कधी तक्रार केली नाही. दिवसाला आठ-दहा माणसं जिना चढून यायची, त्यांच्या खांद्यावरून, पाठीवरून तिचे हात फिरायचे, त्यांच्या घरातल्या चार गोष्टी कानावर पडायच्या. एवढ्या शिदोरीवर तिची संध्याकाळ निघून जायची.

एका सकाळी मशीनच्या पायपट्टीवरून तिचा डावा पाय घसरला. तिने खाली पाहिलं, तर तो पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडला होता. हाक मारायला गेली तर ओठ वाकडे. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला मशीनची घरघर अर्ध्या शिवणीत थांबलेली ऐकू आली. एरवी शिवण पुरी झाल्याशिवाय मापबाई थांबत नसे, म्हणून ती धावत वर आली. देवानेच तिला त्या वेळी स्वयंपाकघरात उभं ठेवलं म्हणायचं, नाहीतर मापबाई तिथेच गेली असती.

तीन आठवडे इस्पितळात काढले. वाचा आली, हात बराचसा आला, पाय तेवढा आला नाही. भाऊ दोन दिवस राहिला, चार पायांची काठी आणून दिली, डोळे पुसले आणि परत गेला. आता दर रविवारी त्याचा फोन येई. "ताई, बरी आहेस ना?" या प्रश्नाला 'हो' सोडून दुसरं उत्तर बसतच नाही. तीन मिनिटांत फोन संपायचा. गिऱ्हाइकं आधी विचारपूस करून गेली, मग तयार कपड्यांच्या दुकानात गेली. शेजारीण सकाळ-संध्याकाळ ताट ठेवून जायची, पण तिच्यामागे तिचा संसार होता.

इस्पितळाचा नियम असा होता, की ज्याला जिना उतरता येत नाही त्याच्या घरी व्यायाम शिकवणारी बाई यायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा. दहा मीटर आधाराशिवाय चालून रोगी जिना उतरला, की घरची फेरी बंद. पुढे त्याने इस्पितळाच्या हॉलमध्ये जायचं. तिथे वीस जण गोल बसतात आणि ध्वनिफितीच्या आवाजावर हात वर-खाली करतात.

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मापबाई म्हणाली, "या डॉक्टरीणबाई."

"मावशी, मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे."

"म्हणजे औषध नाही?"

"औषध नाही. कष्ट आहेत."

"ते माझ्या ओळखीचे आहेत. बस."

तिशी-पस्तिशीची, बारीक चणीची मुलगी. खांद्याला भली मोठी पिशवी, तिचा पट्टा शिवणीजवळ उसवलेला. मापबाईच्या डोळ्यांनी तो पहिल्याच मिनिटाला टिपला. मुलीने तिचं डावं पाऊल हातात घेतलं, घोटा फिरवला, गुडघ्यामागे बोटं दाबली. मापबाईने तोंड खिडकीकडे वळवलं. दुखलं म्हणून नव्हे. चाळीस वर्षं ती दुसऱ्यांना हात लावत आली होती. आपल्याला असा कुणी हात लावल्याला किती वर्षं झाली, हा हिशोब तिला लागेना.

"तुमचा पाय मेलेला नाही, मावशी," फिजिओ म्हणाली. "मेंदूकडून त्याच्याकडे जाणारा रस्ता बंद पडलाय. आपण आडवाट काढायची. आणि वाट पडते ती त्याच जागी पुन्हा पुन्हा पाऊल टाकूनच."

"उसवलं तिथेच टाके घालायचे, म्हण की."

"तसंच. फक्त हजारदा."

मग सुरू झालं. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि हळू बसायचं, दहादा. उजवा पाय बुटक्या स्टुलावर ठेवून सगळा भार डाव्यावर टाकायचा. "दुबळ्याला कामाला लावायचं, नाहीतर चांगला पाय सगळं करून मोकळा होतो आणि दुबळा ऐतखाऊ होतो." मापबाई म्हणाली, "अगदी आमच्या भावासारखा," आणि दोघी हसल्या. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आरसा फिजिओने आडवा करून तिच्या दोन पायांच्या मध्ये धरला. चांगला पाय हलवायचा आणि आरशात बघायचं, म्हणजे डावाच हलतोय असं मेंदूला वाटतं. "मेंदूला फसवतेस होय गं?" "थोडंसं. भल्यासाठी."

चालताना डाव्या पायाचा चवडा उचललाच जात नसे, फरशीला घासत राही. म्हणून फिजिओने मापबाईचाच शिवणाचा चपटा खडू घेऊन पलंगापासून मशीनपर्यंत सहा रेषा मारल्या. प्रत्येक रेषेच्या पलीकडे पाऊल टाकायचं. डोळ्यांना खूण मिळाली की पाय उचलायला सोपं जातं. एका हाताने मापबाईच्या कमरेला बांधलेला पट्टा धरून ती शेजारी उभी राही आणि मोजी, "एक... दोन... थांबा. टाच आधी. तीन..." तो आवाज उरलेले चार दिवस मापबाईच्या कानात राही. रोज सकाळी ती देवापुढे डोळे मिटून एकच मागणं मागे, देवा, पाय दे.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी टेबलावरून मोठी कात्री खाली पडली. कात्री टोकावर पडली की धार जाते. मापबाई पलंगावरून उठली, चार पावलं टाकून गेली, वाकली, कात्री उचलली, टोक बोटाने तपासलं. मग मागे वळून पाहिलं. काठी पलंगालाच टेकून उभी होती.

ती मशीनला धरून कितीतरी वेळ तशीच राहिली. हसू फुटलं, डोळे भरले, कुणाला तरी हाक मारावी असं वाटलं. आणि त्याच क्षणी तिला वार आठवला. आज मंगळवार. उद्या पोरगी येईल. बघेल, टाळ्या वाजवेल, कागदावर लिहील. परवापासून यायची नाही.

त्या संध्याकाळी देवापुढे बसल्यावर तिला शब्द सुचेनात. सहा आठवडे ज्याच्यासाठी दार ठोठावलं, ते त्याने हातावर ठेवलं होतं. शेवटी ती पुटपुटली, "देवा, दिलंस ते खरं. पण जरा सबुरीने घे."

बुधवारी तिने पाय घासत चालून दाखवलं. शुक्रवारीही. लोक पोट आत ओढून खोटं माप देतात, हे तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं. पाय मागे ओढून द्यायचं माप ती आता शिकली. मात्र एकटी असताना तिला राहवत नसे. जेवण झालं, गल्ली निजली, की ती रेषांवरून जा-ये करायची. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. त्या रेषा वाकड्या होत्या. पोरीने आपल्या अंदाजाने मारलेल्या. एक अंतर दीड वीत, दुसरं दोन वीत, आणि चौथी रेषा तर चक्क तिरकी. पावलागणिक ती मापबाईच्या डोळ्यांत कुसळासारखी सले. तीन आठवडे तिने सोसलं. मग एका गुरुवारी ओल्या फडक्याने सगळ्या पुसल्या, टेप पसरला, हळूहळू गुडघ्यावर बसली आणि एकेक रेषा नेमक्या मापाने आखली. मशीनपाशी थांबायचं तिच्या लक्षातच आलं नाही. आखणी सुरू केली की कापडाच्या टोकापर्यंत जायचं, हा हाताचा नियम. ती थेट खिडकीपर्यंत गेली. अकरा रेषा झाल्या. कपाळावरचा घाम पुसून तिने पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

दुसरा दिवस शुक्रवार. फिजिओ आली ती पिशवी न उतरवताच खुर्चीवर टेकली. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मावशी, मी आमच्या सरांना सांगितलंय. पुढच्या आठवड्यापासून तुमच्याकडे तेच येतील."

"का गं? तू कुठे चाललीस?"

"कुठे नाही. तीन आठवडे तुमचा पाय जिथल्या तिथे आहे. आरसा झाला, रेषा झाल्या, पाऊल उचलून धरणारा पट्टा बांधून पाहिला. रात्री पुस्तकं काढून बसते. माझंच कुठेतरी चुकतंय. तुमचे दिवस माझ्यामुळे वाया जायला नकोत."

मापबाई पदराने काठीची मूठ पुसत राहिली.

"शेवटचं एकदा रेषांवरून करू," असं म्हणून फिजिओने खडू उचलला आणि पुसट झालेल्या रेषा गडद करायला ती वाकली. वाकली ती तशीच थांबली. मग तिची नजर फरशीवरून सरकत सरकत खिडकीपर्यंत गेली.

"या कुणी मारल्या?"

"खालच्या शेजारणीने."

"वहिनींनी? त्या शिवणकाम करतात?"

"छे. ती नुसतं देव-देव करते."

"मग त्यांनी मोजून मारल्या? माझ्या रेषा इतक्या सरळ नव्हत्या."

"सरळ?" मापबाईच्या तोंडून निघून गेलं. "तुझी चौथी पाऊण इंच तिरकी होती! लहान पोर तरी बरं मारील."

फिजिओने टेबलावरचा टेप पाहिला. मग मापबाईच्या कालच्याच साडीला गुडघ्यांवर लागलेल्या खडूच्या दोन पांढऱ्या टिकल्या पाहिल्या.

"तुम्ही खाली बसलात," ती हळूच म्हणाली. "बसलात, रेषा मारत गेलात आणि उठलात."

मापबाईने मान खाली घातली.

"कधीपासून?"

"कात्री पडली होती... तीन आठवडे झाले असतील."

फिजिओ रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. मनगटाने डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं, मला काम येत नाही. मी नोकरी सोडायचं ठरवत होते, मावशी. आणि समोरच्या इमारतीतले मास्तर तीन आठवडे यादीत आहेत. माझा एक रोगी बरा होईपर्यंत दुसरा घेता येत नाही. त्यांची बायको मला रोज रस्त्यात गाठून विचारते, जागा झाली का?"

समोरचे मास्तर! त्यांचे सदरे मापबाईनेच शिवलेले. उजवा खांदा बोटभर खाली, सदऱ्याला नेहमी दोन खिसे. त्यांना झटका आल्याचं तिला शेजारणीने सांगितलं होतं. तिने 'अरेरे' म्हटलं होतं आणि बुधवारची वाट बघत बसली होती.

"का केलंत असं?"

"आठवड्याला तीन दिवस मला माणसाचा हात लागतो, पोरी. बाकीचे दिवस मी काठी धरते." मग नाक ओढून, अगदी गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात ती म्हणाली, "ऊठ. काढ तुझा तो कागद. खरं माप घे."

काठी न घेता ती पलंगापासून निघाली. टाच आधी, मग चवडा. अकरा रेषा, खिडकी, वळण, पुन्हा अकरा रेषा. फिजिओ शेजारून चालत होती, पण कमरेचा पट्टा धरला नव्हता. मग जिना. "उतरताना दुबळा पाय आधी, चढताना चांगला," फिजिओ सांगत होती. बावीस पायऱ्या खाली, बावीस वर. शेजारीण दारात हात जोडून उभी राहिली आणि मापबाईला हसावं की रडावं कळेना.

वर आल्यावर फिजिओने कागद भरला. अक्षर सुरेख होतं, त्या वाकड्या रेषा काढणाऱ्या हाताचं वाटेना. कागद पिशवीत ठेवताना उसवलेला पट्टा पुन्हा मापबाईच्या नजरेस पडला.

"आण ती पिशवी. दोन टाके घालते."

"आता उशीर झालाय. पुढच्या वेळी..." फिजिओ सवयीने बोलून गेली.

फिजिओने तिचा डावा तळहात आपल्या दोन्ही हातांत धरला, क्षणभर दाबला आणि ती जिना उतरून गेली. मापबाई पायऱ्या मोजत राहिली, बाविसाव्या पायरीपर्यंत.

रविवारी भावाचा फोन आला. "ताई, बरी आहेस ना?"

"चालायला लागले."

"अरे वा! मग आता काळजीच मिटली," तो म्हणाला, आणि तीन मिनिटांचा फोन दोन मिनिटांत संपला.

सोमवारी अकरा वाजता मापबाई नेहमीसारखी केस विंचरून पलंगावर बसली होती. हॉलमध्ये जायचा वार उद्याचा. जिन्यावर पाऊल वाजलं, ते खालीच थांबलं, दूधवाला असावा. ती तशीच बसून राहिली. देवाला आज काय मागावं हे तिला सुचलं नव्हतं, म्हणून मास्तरांसाठी पाय मागितला होता.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून आवाज आला. गल्ली अरुंद, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"उठा मास्तर. हात टेकायचे नाहीत. शाब्बास. आता... एक..."

मापबाई उठली. काठी जागेवरच राहू दिली. पहिल्या रेषेपाशी पाऊल जुळवून उभी राहिली.

"दोन... थांबा. टाच आधी."

तिने टाच टेकली. मास्तरांना फार वेळ लागत होता. तिचा पाय पुढे जायला बघत होता, पण तिने त्याला आवरून धरलं. आता कुणाला फसवायचं नव्हतं, तरी ती मास्तरांच्याच चालीने चालली. तिसऱ्या रेषेवर थांबली, पुढचा आकडा येईपर्यंत.

"तीन..."

खिडकी अजून आठ रेषा लांब होती.