पाळण्याला वाळवी लागली, असं मी सांगितलं

हे कुणापाशी बोलले नाय मी. पोरींपाशी नाय, देवापुढं बसते तेव्हाबी नाय. आज का सांगते? — ते मलाबी धड माहीत नाय. सांगते, एवढंच.

आमचे मालक सुतार. नाशिक रोडला चाळीत खोली, पुढच्या ओट्यावर त्यांचं काम. एक दिवस छातीत दुखतंय म्हणून खाली बसले, ते उठलेच नाय. मग मी कॉलनीत धुणीभांडी धरली. दिवस काढले. पण त्यांची हत्यारांची पेटी विकली नाय. दर दसऱ्याला तिला हळदीकुंकू वाहायचे.

माझी नणंद शेवंता, चांदवडला दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला ह्यांनी सागवानी पाळणा करून दिला व्हता. एक खिळा नाय त्यात, लाकडात लाकूड बसवलेलं. शेवंता गावभर सांगायची — माझ्या दादाच्या कामाला वाळवीसुद्धा भिती. हे गेल्यावर चार वर्षांनी तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली. पाळणा तवर डुगडुगायला लागलेला, वर निळ्या ऑइलपेंटचे थर. शेवंता तो टेम्पोत घालून माझ्याकडं घेऊन आली.

"दादा नाय, पण त्याची हत्यारं हायेत की. वहिनी, परक्या सुताराचा हात नाय लावायचा मला ह्याला."

ह्यांच्या जोडीनं काम केलेला सुतार आमच्या गल्लीतच राहायचा. त्याला विचारते, असं का नाय म्हणले मी? म्हणले, ठेवा इथंच ताई, सुताराची बायको हाय मी. लाकडाचं दुसरं टोक वीस वर्षं मीच धरलं व्हतं ना.

सांधे ठोकून मोकळे केले. तेरा तुकडे निघाले. रंग खरवडला, खालून गुळाच्या रंगाचं लाकूड आलं. टोकांशी बारीक चरे व्हते. वाटलं, पोरांनी ओरखडलं असंल. रंधा घेतला अन् समदं साफ करून टाकलं. लय बरं वाटलं तेव्हा — खोटं कशाला बोलू.

मग जोडायला बसले. एकबी तुकडा दुसऱ्यात जाईना. गेला तर हलायचा. दिसायला तर सगळे सारखे, कोणता कुठला कळंना. एकच तुकडा रंध्याखालनं राहिला व्हता. त्याच्या टोकाला चार चरे, पटाशीच्या धारेनं सरळ मारलेले. ते बघितलं अन् हात थांबला. कोणतं टोक कोणत्या खाचेत जायचं, त्याच्या खुणा व्हत्या त्या. त्यांना तशा खुणा मारताना मी बघितलं नव्हतं का? शंभरदा बघितलं. विचारलं कधीच नाय.

आठ दिवस, कामावरून आले की ठोकत बसायचे. नवव्या दिवशी एक उभी पट्टी चिरली. मी हातोडा खाली ठेवला. रडले नाय, काय नाय. तुकडे गोणीत भरून माळ्यावर टाकले.

तेव्हाबी गल्लीतल्या सुतारानं दुपारभरात बसवून दिलं असतं. पण त्याला सांगावं लागलं असतं ना — नवऱ्याच्या खुणा मी माझ्या हातानं पुसल्या म्हणून. ते माझ्याच्यानं झालं नाय.

पीसीओवरून शेवंताला फोन लावला. म्हणले, ताई, पाळणा आतून वाळवीनं खाल्लेला निघाला. नुसता भुगा. बंबात घातला.

ती म्हणली, "दादाच्या लाकडाला वाळवी?"

मी हो म्हणले.

बारशाला गेले मी. नाय कशी जाणार? पोर लुगड्याच्या झोळीत घातलेलं. शेवंताची जाऊ सगळ्या बायांसमोर म्हणली, "सागवान सागवान करून मिरवत व्हतीस गं. भावानं बहिणीलाच आंब्याच्या फळ्या मारल्या म्हणायच्या." बाया हसल्या. वाटलं, शेवंता आता तिला सोडत नाय. ती खाली वाकली, झोळीची गाठ घट्ट केली अन् म्हणली, "त्याच्यापाशी तरी कुठं काय व्हतं तेव्हा."

तिनं भावाला माफ केलं. कशाबद्दल? त्यानं न केलेल्या गोष्टीबद्दल. मी तिच्या शेजारीच बसले व्हते, घुगऱ्यांची वाटी हातात. तोंड उघडलं असतं तर — नाय उघडलं. घुगऱ्या खाल्ल्या.

त्यानंतर दादाच्या कामाचं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नाय. शेवंता जाऊन आता दोन वर्षं झाली. गेली ती तेच खरं धरून.

मागल्या दिवाळीला माळा आवरताना गोणी खाली काढली. तुकडे एकेक करून फरशीवर मांडले. चिरलेली पट्टी धरून तेराच्या तेरा हायेत. वाळवी एकालाबी लागलेली नाय. पुसून परत भरले, तोंड बांधलं अन् गोणी वर ठेवली.