कन्फ्यूजनसाठी एक दिवस रजा

आमच्या ऑफिसात कन्फ्यूजन हा शब्द मिठासारखा वापरतात, त्याशिवाय एकही मेल शिजत नाही. निळ्याच्या जागी हिरवे टॉवेल गेले, तर ते कन्फ्यूजन. साहेब मुद्दाम फोन उचलत नाहीत, तेही कन्फ्यूजनच. चूक कुणाची हे न सांगता चूक झाली म्हणायची इतकी छान सोय दुसऱ्या शब्दात नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहिणं हे माझं काम, त्यामुळे हा शब्द सगळ्यात जास्त मीच झिजवला आहे.

आम्ही सोलापूरचे विणकर, घरात तेलुगू. नवरा माळशिरसकडच्या मराठी शेतकरी घरातला. लग्न आम्ही रजिस्टर केलं आणि दोन्ही घरं रुसली. माझं माहेर महिन्याभरात निवळलं. सासरच्यांनी मात्र चकार शब्द काढला नव्हता. ती माणसं मला कधी आपली म्हणतील का, ही एकच काळजी मला खात होती.

मग एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. पहिलाच.

"शनिवारी घरात गोंधळ हाय. दोघंबी या," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला.

सोलापुरात वाढलेल्या मुलीला देवीचा गोंधळ माहीत नाही असं कसं म्हणू? गल्लीत संबळ वाजताना कितीदा ऐकला आहे. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मला ऐकू आलं ते इतकंच, की शनिवारी भाऊबंद जमणार आणि माझ्यावरून भांडणं होणार.

संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "आईंचा फोन होता. घरात गोंधळ आहे म्हणाल्या."

"मग जायलाच पाहिजे की," तो शर्टाला इस्त्री करता करता म्हणाला. काय धीराचा माणूस आहे, असं मला वाटलं.

साहेबांना मेल केला, सासरी थोडं कन्फ्यूजन आहे, शनिवारी रजा हवी. त्यांनी लगेच रजा दिली आणि वर कळवलं, कन्फ्यूजन पूर्ण क्लिअर करूनच या.

एसटीत सगळा वेळ मी मनातल्या मनात उत्तरं पाठ करत होते. कुणी जात काढली तर काय बोलायचं, कुणी आईबापांवर गेलं तर काय. पोचलो तर अंगणात पाच ऊस उभे करून त्यांचे शेंडे एकत्र बांधलेले. खाली चौक भरलेला, कलश मांडलेला, आणि कवड्यांच्या माळा घातलेले गोंधळी संबळ ताणत बसलेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न झालेल्या नव्या जोडप्याला बसवून देवीपुढे घालतात तो गोंधळ होता. आमचा होता. हसावं की रडावं मला कळेना.

दिवेलागणीला दिवटी पेटली. संबळाचा पहिला ठोका थेट माझ्या छातीत पडला. म्होरक्या गोंधळी गावोगावच्या देवांना बोलावू लागला. तुळजापूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा, मग वेशीवरचा, मग शेताच्या बांधावरचा. एकाचंही नाव चुकत नव्हतं, एकही देव राहत नव्हता. ज्या शब्दाने आम्ही दिवसभर चुका झाकतो, त्याच्याच मराठी नावाने इथे सगळं इतकं जागच्या जागी चाललं होतं की मी थक्क होऊन बघत राहिले.

तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला. संबळ थांबला.

"हिच्या माहेरचा द्येव ऱ्हायला की," त्या गोंधळ्याला म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "तुमच्यात कुणाला बोलावत्यात गं?"

पाठ केलेल्या उत्तरांत हे नव्हतं. सासूबाई थांबल्या. जमलेले भाऊबंदही थांबले.

"मार्कंडेय," मी म्हणाले.

गोंधळ्याने ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग मान वर केली आणि खड्या आवाजात माझ्या देवाला त्यांच्या अंगणात बोलावलं.