चिंगीला दिलेल्या दोन गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि खरं तर सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं. आठ वर्षं झाली. मला आता एकोणऐंशीवं चालू आहे. आणखी किती थांबणार?

चिंगी आमची कुत्री. आमची कसली, मालतीचीच. गंगापूर रोडवर आमच्या इमारतीचं काम चालू होतं तेव्हा वाळूच्या ढिगात सापडलेली. तांबूस, एक कान पडलेला. तेरा वर्षं घरात राहिली. मग तिच्या पुढच्या पायाच्या हाडात गाठ झाली. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, निदान दुखणं कमी ठेवू, असं डॉक्टर म्हणाल्या आणि ट्रामाडोलच्या गोळ्या लिहून दिल्या.

मालती चिंगीला उचलून रिक्षाकडे गेली, तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवलं. “काका, ही अफूच्या जातीची गोळी आहे. सुस्ती येईल, शी कडक होईल. कधी कधी धापा टाकेल, उगाच रडेलही. रडली म्हणजे दुखतंय असंच नाही, गोळीनेही होतं. तुम्ही मनाने वाढवू नका, मला फोन करा.”

यातलं मी मालतीला किती सांगितलं? सुस्तीचं सांगितलं, शीचं सांगितलं. रडण्याचं राहून गेलं. विसरलो, की सांगायचा कंटाळा केला — आज नक्की आठवत नाही.

त्या रविवारी आमच्याकडे भाचीचं केळवण होतं. माझी बहीण, दाजी, भाची, होणारा जावई — सगळे सकाळीच लासलगावहून आले होते. मालती पुरण घालत होती. आणि मागच्या गॅलरीत चिंगी सारखी रडत होती. बारीक, लांब, थांबेचना. दाजींचा आवाज मुळातच मोठा. सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “वहिनी, लग्नाला अजून पंधरा दिवस आहेत, तुम्ही सनई आत्ताच लावली का?” सगळे हसले. जावईही हसला. मालती पदराला हात पुसत म्हणाली, “हसा दाजी, हसा. तिचं दुखतंय हो.”

मी हसलो नाही. मला लाज वाटत होती. चिंगीच्या दुखण्याची नाही — पाहुण्यांसमोर घरात असा आवाज येतोय, याची.

डॉक्टरांना फोन करता आला असता. नंबर फ्रिजवरच चिकटवलेला होता. केला नाही.

चिंगीच्या गोळ्या मालतीच्या ताब्यात असत. एक कमी झाली तरी तिच्या लक्षात येई. म्हणून मी माझं कपाट उघडलं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची उरलेली पट्टी होती, त्यावरही तेच नाव. नाव तेच म्हणजे औषध तेच, असं धरून चाललो. त्या गोळीत माणसांचं आणखी एक औषध मिसळलेलं असतं आणि ते कुत्र्याला सोसत नाही, हे मला फार नंतर कळलं. पण मालतीला कळू नये म्हणून दुसरी पट्टी काढायची, एवढं मात्र तेव्हाच नीट कळत होतं. दोन गोळ्या. गुळातुपात वळून दिल्या. तिने माझ्या हातातून खाल्ल्या आणि बोटं चाटली.

पंगत शांततेत झाली. दाजी म्हणाले, “सनईवाले जेवायला गेले वाटतं.”

पाहुणे चारला निघाले. मालती गॅलरीत गेली आणि तिने मला हाक मारली. चिंगी उठत नव्हती. श्वास इतका सावकाश, की पुढचा येतो की नाही याची वाट बघावी लागे.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची हिरडी दाबून पाहिली, डोळ्यात बॅटरी मारली आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, “काका, गोळी जास्त गेली आहे का? गेली असेल तर आत्ता सांगा. उताऱ्याचं इंजेक्शन आहे माझ्याकडे.”

मालती शेजारी उभी होती. “नाही हो,” ती म्हणाली, “मी स्वतः देते. हो ना, अहो?”

मी “हो” म्हणालो.

एवढंच. सगळा गुन्हा त्या एका अक्षरात आहे. इंजेक्शनने ती वाचली असती? कदाचित नसती, ती म्हातारी होती, आजारी होती. पण ते बघायची संधी माझ्याकडे होती आणि मी ती माझी अब्रू राखायला वापरली.

मग डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं. मालती कावरीबावरी झाली. “पुरणपोळीचा तुकडा दिला होता मी... आज गोडाचं होतं म्हणून.” सलाईन लावलं. चिंगी तासाभरात गेली.

परत येताना रिक्षात मालती म्हणाली, “मीच मारलं तिला.” मी तिचा हात धरला. काय म्हणालो, ठाऊक आहे? “जाऊ दे. मुद्दाम थोडंच केलंस?”

म्हणजे मी तिला क्षमा केली. मी — तिला.

तेव्हापासून तिने कुठल्या जनावराला हाताने खायला घातलेलं नाही. फाटकातली कुत्री तिच्याकडे शेपूट हलवत येतात, ती हात मागे घेते. आठ वर्षं मी हे रोज बघतो आहे.

हा कागद मी आज दुपारी तिला देणार आहे. ती चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचते. ती वाचत असेल तोवर मी समोर बसून राहीन.