बंदूकवहिनी

वहिनींनी जन्मात कधी अंडं खाल्लं नव्हतं, आणि त्यांच्या घरी जिन्याखालच्या लोखंडी कपाटात हरणांच्या शिकारीची रायफल होती. या दोन गोष्टी एका बाईत कशा नांदतात हे युट्रेख्टच्या आमच्या मराठी मंडळींना शेवटपर्यंत कळलं नाही. गणपतीच्या जेवणात कुणीतरी त्यांना गमतीनं 'बंदूकवहिनी' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. वहिनींनी राग धरला नाही. "बंदूक नव्हे हो, रायफल. पण असू दे," एवढंच म्हणाल्या आणि मिळेल त्या खुर्चीत बसल्या.

कुठेही गेल्या की आधी बसायचं, ही त्यांची सवय. कुणी काही विचारलं की हात वर करायच्या. "दोन मिनिटं बसू दे गं, मग बोलते." सांगलीहून नवऱ्याच्या व्हिसावर आल्या तेव्हा त्यांना म्हणे स्वस्थ बसवत नसे. पण मी त्यांना भेटले तोवर रोपवाटिकेत उभं राहून रोपं बांधण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती, आणि पायांनी त्या सगळ्या वर्षांची आठवण ठेवली होती. थकलेल्या आम्ही सगळ्याच होतो. नोकरी, सायकलवरून मुलांची ने-आण, डबे, भारतातले फोन. फक्त आम्ही ते लपवायचो आणि वहिनी लपवत नसत. म्हणून मला त्यांच्याकडे जायला आवडायचं. त्यांच्या घरी टवटवीत दिसावं लागत नसे.

त्या राहायच्या शहराच्या पूर्वेला, जिथे झाडी सुरू होते त्या गावात. त्या झाडीत शेळीएवढी छोटी तांबूस हरणं आहेत. डच भाषेत त्यांना 'रे' म्हणतात. "अरे-तुरेतला रे," वहिनी सांगायच्या. ही हरणं वाढली की कोवळी रोपं खातात, रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. म्हणून सरकारच्या परवानगीनं दरवर्षी काही मारावी लागतात. हे सगळं वहिनींना ठाऊक होतं. रोपवाटिकेतली कुरतडलेली रोपं त्याच तर उपटून टाकायच्या. पण शिकारीशी आपला काही संबंध येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

एकदा धुक्याच्या सकाळी कामावर जाताना त्यांच्याच गाडीसमोर एक मादी आली. मेली नाही. कंबर मोडली होती आणि पुढच्या दोन पायांवर ती स्वतःला रस्त्याकडेच्या गवतात ओढत होती. वहिनींनी पोलिसांना फोन केला. अशा वेळी पोलीस जवळच्या शिकाऱ्याला बोलावतात. खेरिट नावाचे म्हातारे शिकारी येईपर्यंत बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ वहिनी त्या मादीपासून हातभर अंतरावर बसून होत्या. खेरिट आले, त्यांनी गुडघा टेकला, एक आवाज झाला आणि संपलं. "मी तिला पाणी दाखवत होते गं," वहिनी मला म्हणाल्या होत्या. "बाटलीतलं. ती माझ्याकडे बघायची आणि आणखी घाबरायची. माझी माया तिच्या काही कामाची नव्हती."

त्यानंतर त्यांनी शिकाऱ्यांच्या परीक्षेला नाव घातलं.

घरात त्यावर भांडण झालं नाही, हेच जास्त कठीण होतं. शिरीषदादा, म्हणजे त्यांचे यजमान, रॉटरडॅमला आयटीत नोकरीला होते. पहाटेची ट्रेन, संध्याकाळची ट्रेन, आणि मधला सगळा दिवस इंग्रजीत. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "तुला हे करायचंच आहे?" वहिनी हो म्हणाल्या. मग त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. जिन्याखाली लोखंडी कपाट आलं, पोलीस येऊन ते तपासून गेले, आणि दादा त्याच्या समोरून असे जायचे जसं काही तिथे भिंतच आहे. बाहेरच्यांनी मात्र विचारायचं ते सगळं विचारलं. देवघर आहे ना घरात? पाप नाही का लागत? कोणी मोठ्यानं, कोणी हसत. वहिनी उत्तर द्यायच्या, "लागत असेल. माहीत नाही." वाद घालायला लागणारी ताकद त्या दुसरीकडे वापरत होत्या. दिवसभर रोपवाटिका आणि संध्याकाळी डचमधलं ते जाडजूड पुस्तक. पहिल्या खेपेस नापास झाल्या, दुसऱ्या खेपेस पास.

रायफल घ्यायला दादा येणार नव्हते. "तू चल," वहिनी मला म्हणाल्या. "तुला काही कळत नाही ते बरंय. निदान सल्ला देणार नाहीस."

दुकानदार चांगला उंच, बोलका माणूस होता. त्यानं वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या मागे कुणी पुरुष आहे का ते. नाही म्हटल्यावर त्यानं एक भारदस्त रायफल काढली. "हे थ्री-ओ-एट. या एका काडतुसात सगळं येतं. छोटं हरीण, मोठं हरीण, रानडुक्कर. पुढे दुसरी रायफल घ्यावी लागणार नाही."

"मला सगळं नाही करायचं," वहिनी म्हणाल्या. "हे छोटं हरीणच. आणि ते पडल्यावर उठायला नको."

मग त्यानं दुसऱ्या टोकाचं काढलं, पेन्सिलीच्या तुकड्याएवढं बारीक काडतूस. याचा खांद्याला धक्का लागतच नाही, म्हणाला. बायकांना बरं पडतं. या हरणासाठी कायद्यानं चालतं.

"कायद्याला चालतं. हरणाला चालतं का?"

तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बाई हसत नाहीयेत. "गोळी जागेवर बसली तर चालतं."

"आणि दोन बोटं चुकली तर?"

त्यानं खांदे उडवले. वहिनींनी खुर्ची मागितली. बसून त्यांनी ती सगळी काडतुसं एकेक करून हातात घेतली. भाजी घेताना घेतात तसं, वजन बघत. तासभर त्या विचारत राहिल्या. गोळी आत गेल्यावर फुलते म्हणजे नेमकं काय होतं? फार वेगवान असली तर वरच्या वरच फुटते का? शिशाचे कण आतड्यात राहतात, ती आतडी रानात टाकली की शिकारी पक्षी खातात, हे खरं का? दुकानदाराचं विकणं हळूहळू थांबलं आणि तो नुसताच बोलू लागला. शेवटी त्यानं फळीवरून मधलं एक काडतूस काढलं. साडेसहा मिलिमीटर, स्वीडनमधलं फार जुनं. "याला आता कोणी भाव देत नाही," म्हणाला. "नव्यांना वेग हवा असतो. हे सावकाश जातं, पण सरळ जातं, आणि खोल जातं. तांब्याची गोळी यात चांगली बसते."

तरी वहिनींनी त्या दिवशी काही घेतलं नाही. पुढचे कितीतरी शनिवार खेरिटबरोबर नेमबाजीच्या मैदानावर जाऊन त्यांनी दुसऱ्यांच्या रायफली चालवून पाहिल्या. एकदा मी सोबत होते. थ्री-ओ-एटच्या दोन-चार गोळ्या झाडल्यावर त्यांनी रायफल खाली ठेवली. खांदा आधीपासूनच आखडलेला होता, तो चोळत मला म्हणाल्या, "धक्क्याचं काही नाही. पण धक्का येणार म्हणून माझे डोळे आधीच मिटतात. डोळे मिटून कुणाला मारू?" ताकदीचं काडतूस घेऊन नेम चुकवण्यापेक्षा, आपल्याला पेलेल असं घेऊन जागेवर बसवावं, हे त्यांना तिथे कळलं. साडेसहाचं घेतलं. रायफलीचा लाकडी दस्ता उंच डच पुरुषांच्या मापाचा होता, तो त्यांनी कापून आखूड करून घेतला.

पुढची सहा-सात वर्षं त्या हंगामात पहाटे उठून मचाणावर जायच्या. पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी आणि थर्मासमध्ये चहा. परत आल्या की मी फोन करायचे, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, "आज नुसतं पाहिलं." कधी हरीण तिरकं उभं होतं, कधी मध्ये गवत होतं, कधी मागून पिल्लू आलं. ज्या दिवशी गोळी झाडलेली असे त्या दिवशी त्या फोन उचलत नसत. मांस खेरिट आणि शेजारी न्यायचे. वहिनी आंघोळ करून वरण-भात लावायच्या आणि दादांची ट्रेन येईपर्यंत झोपायच्या. खेरिटचे गुडघे गेल्यावर अपघाताचे फोनही त्यांनाच यायला लागले. त्या कामाला त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत, आणि त्या कामानं त्यांना जितकं दमवलं तितकं रोपवाटिकेनंही दमवलं नसेल.

एका शनिवारी सकाळी आम्ही दोघी बाजाराला निघालो होतो आणि फोन आला. घरी जाऊन त्यांनी रायफल घेतली. मी गाडी चालवली. भुरभुर पाऊस होता. रस्त्याच्या कडेला एक तरुण मुलगी स्वतःच्या गाडीला टेकून रडत होती आणि खाली चरात एक नर पडला होता, मान वर धरून. वहिनींनी त्या मुलीला गाडीत बसवलं आणि तिकडे बघू नकोस म्हणून सांगितलं. मग त्या चरात उतरल्या. मी वरून पाहत होते. त्यांनी नेम धरला, पुन्हा खाली घेतला, पुन्हा धरला. आवाज झाला. नर उसळला. त्याच्या तोंडातून निघालेला तो आवाज मला आता लिहवत नाही. मग दुसरा बार झाला.

वहिनी तिथेच ओल्या गवतात बसल्या. मी खाली गेले तेव्हा त्या डचमध्ये नाही, माझ्याशीही नाही, कुणाशीच नाही अशा बोलत होत्या, "इतक्या जवळून? इतक्या जवळून कशी चुकली?"

नंतर त्यांनी सगळं नीट केलं. पोलिसांना कळवलं, त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, संपलं म्हणून सांगितलं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मीनल, हा हात बघ." उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा आपोआप बोटावर घासत होता, जपमाळ ओढावी तसा.

"थंडीनं असेल," मी म्हटलं.

"थंडी कुठाय? बरेच दिवस झालेत. मीच बघत नव्हते."

फॅमिली डॉक्टरनं पुढे पाठवलं, पुढच्यांनी तपासण्या केल्या, आणि पार्किन्सन्स असं नाव मिळालं. त्याच आठवड्यात वहिनींनी शिकारीचा परवाना स्वतःहून परत केला. कोणी मागितला नव्हता. दादा पहिल्यांदाच मध्ये पडले. "डॉक्टर म्हणतायत औषधानं थरथर कमी होईल. थोडं थांब."

"कमी होईल," वहिनी म्हणाल्या. "पण कोणत्या दिवशी कमी झालेली नाही, ते मला तिथे गेल्यावर कळणार. तोवर तो प्राणी माझ्यासमोर असणार. नको."

मग त्या दोघांनी गावातलं घर विकायला काढलं आणि रॉटरडॅमला, तिथे राहणाऱ्या त्यांच्या लेकीच्या जवळ, फ्लॅट घेतला. आता वहिनी सातव्या मजल्यावर राहतात. खाली ट्रामचा थांबा आहे. मी महिन्यातून एकदा जाते. औषधांमुळे त्या बोलता बोलता थांबतात, आणि मी दोन मिनिटं थांबते. पण त्यांची आठवण निघाली की मला तो फ्लॅट आठवत नाही. आठवतो तो रायफल घरातून गेली तो दिवस.

खेरिट ती न्यायला आले होते. विकली जाईपर्यंत ती त्यांच्या कपाटात राहणार होती. वहिनींनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, नळी पुसली, आत काही नाही ना ते बघितलं, खेरिटना बघायला लावलं. रायफल पेटीत घालून पेटी त्यांच्याकडे ढकलली. मग त्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. नव्या औषधांनी तसं व्हायचं.

शिरीषदादांनी कॉफी केली. खेरिटपुढे कप ठेवला आणि स्वतः समोर बसले. इतक्या वर्षांत ही दोन माणसं एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोललेली मी पाहिली नव्हती. दादांना डच समजायचं, पण ते बोलत नसत. त्या दिवशी बोलले. शब्द शोधत, क्रियापदं चुकवत त्यांनी विचारलं, "माझी बायको... या कामात... चांगली होती?"

खेरिटनी हातातला कप खाली ठेवला. "नेम बेताचाच होता तिचा," ते म्हणाले. "पण मी पुष्कळांना शिकवलं. रायफल हातात आली की माणसाला ती चालवायची घाई होते. हिला कधी झाली नाही. हिच्याबरोबर मचाणावर असलो की मी झोपायचो. भरलेली रायफल घेऊन बसलेल्या दुसऱ्या कुणाशेजारी मी कधी डोळे मिटले नाहीत."

दादांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणाले ते? मराठीत सांग."

त्यांना समजलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. तरी मी सांगितलं, एकेक वाक्य. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"परत सांग," म्हणाले.

मी परत सांगितलं. वहिनी जाग्या होऊ नयेत म्हणून या खेपेस जरा हळू.