वेगळं ताट

बीडच्या प्रयोगशाळेतलं माझं काम सकाळी खाटकाकडूनच सुरू व्हायचं. बोकडाचे डोळे बर्फाच्या डब्यात आणायचे, बुबुळावरचा काचेसारखा पडदा सोडवायचा आणि दिवसचे दिवस धूत राहायचं. शेवटी बोकडाचं त्यात काही उरायचं नाही, नुसती जाळी. तिच्यावर माणसाच्या पेशी वाढवून आम्ही नवा पडदा तयार करायचो.

मी रोज खाटकाकडं जाते, एवढंच नेकनूरला घरी कळलं आणि सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं. आम्ही लिंगायत, किराणा दुकानवाले. घरात अंडंसुद्धा येत नाही. माझं ताट न्हाणीजवळच्या फळीवर असायचं. मीच ते घासायचे, मीच तिथं ठेवायचे. पाहुण्यांसमोरही त्यातच जेवले. नवरा मान खाली घालून जेवायचा. अशी सहा वर्षं गेली.

मग तुरी मळताना सासूबाईंच्या डोळ्यात भुसकट गेलं. दुसरा डोळा लहानपणीच गोवरानं गेलेला. जखम चिघळली, बुबुळावर फूल पडलं. डॉक्टरांनी मेलेल्या माणसाचा पडदा सुचवला, तो त्यांना नको होता. एका सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या होत्या, तिथूनच त्यांनी मला हाक मारली.

"लिंग दिसंना झालंय बाई. तुझ्या तिथं पडदा बनवतेत म्हणं. कशाचा असतोय?"

खरं सांगणं भागच होतं. पण खरं सांगायच्याही तऱ्हा असतात. मी खाटकाचा ओटा सांगितला, ओळीनं मांडलेली मुंडकी सांगितली, डोळा कसा उपसतात तेही सांगितलं. मग म्हणाले, "आता बोकडाच्या डोळ्यानं लिंग बघायचं का, ते तुमी ठरवा."

धुतल्यावर बोकडाचं काही उरत नाही, एवढं एकच वाक्य मी गिळलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "नको मग."

त्यांनी लिंग चाचपत वस्त्रात गुंडाळलं. मला बरं वाटलं. त्यांचा उरलासुरला उजेडही त्या पावसाळ्यात गेला. तरी मी ते वाक्य काही सांगितलं नाही.

परवा दुपारी पानं वाढत होते. फळीवरचं ताट काढलं आणि सासूबाईंपुढं ठेवलं. त्यांनी काठावरून हात फिरवला.

"माझंच ताट हाय ना ह्ये?"

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि नेहमीसारखी मान खाली घातली.

"तुमचंच," मी म्हणाले, आणि त्यात आमटी वाढली.

त्यांनी भाकरी कुस्करली. मी समोर बसून त्यांना जेवताना पाहत राहिले.