बोटांना सापडलेली गाठ

रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की गादीकाकू आधी चप्पल काढायच्या, मग चष्मा. आदल्या दिवशी शिवून भिंतीला टेकवून ठेवलेली गादी आडवी करायची, तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसायचं आणि डोळे मिटून दोन्ही तळवे तिच्यावरून फिरवायचे, उशाकडून पायथ्याकडे, सावकाश. बोट कुठे अडलं की तिथेच थांबायचं. आत कापसाची गाठ राहिलेली असायची. मग खोळीवरूनच ती अंगठा आणि तर्जनीत धरायची, चुरायची, दाबून दाबून पसरायची. गाठ विरली की त्या पुटपुटायच्या, "झोप आता." हे त्या गादीला म्हणायच्या की तिच्यावर झोपणाऱ्याला, हे कुणी कधी विचारलं नाही.

डोळे मिटायचे कशाला, असं मात्र सुनेनं नवी असताना विचारलं होतं.

"डोळे फसतात गं. खोळ देखणी असली की त्यांना सगळंच बरं दिसतं. बोटांना फसवता येत नाही."

तीस वर्षं काकूंनी गाद्या भरल्या. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटीनं, आणि गेली सहा वर्षं सुनेबरोबर. सून कापूस पिंजायचं यंत्र चालवायची आणि तोंडही. काकू भरायच्या, टाके घालायच्या. जाड गादीतून दोरा आरपार न्यायला वीतभर लांबीची दाभण लागते. ती खालून वर येते तेव्हा वरच्या हाताचं बोट तिची वाट पाहत असतं, आणि कधी कधी दोघांची भेट जरा जास्तच जोरात होते. तेवढ्यानं काम थांबवायची काकूंची रीत नव्हती. बोट तोंडात घालायचं, चिंधी गुंडाळायची, पुढचा टाका.

त्या दिवशी आंघोळ करताना त्यांच्या बोटांनी नेहमीचंच काम केलं. उजव्या काखेत फिरता फिरता ती अडली.

वाटाण्याहून मोठी, बोराहून लहान. काकूंनी हात काढून घेतला, पुन्हा नेला. होती. पाण्याची बादली भरून वाहायला लागली तरी त्यांना नळ बंद करायचं सुचलं नाही.

थोरल्या बहिणीलाही अशीच गाठ सापडली होती. तिनं ती आठ महिने मनातच ठेवली. सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. बहीण गेली त्यानंतर कितीतरी दिवस काकू दुःखापेक्षा रागानंच बोलायच्या, "एवढं साधं सांगता येईना तिला? तोंड काय शिवून टाकलं होतं?"

आता त्यांचंच तोंड शिवल्यासारखं झालं. सांगितलं की ते खरं होणार, असं काहीसं वाटायचं. लेक ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर होता. सून समोरच होती, पण तिच्याकडे पाहिलं की काकू विचारायच्या, "दोरा संपत आलाय का गं?" आणि दोरा तर भरपूर असायचा.

सांगायचं नाही म्हटल्यावर उपाय आपणच करायला हवा. काकूंना गाठीवरचा एकच उपाय माहीत होता. सकाळी आणि संध्याकाळी, मोरीचं दार लावून, त्या ती अंगठ्यात आणि तर्जनीत धरायच्या आणि पसरते का बघायच्या. पसरली तर नाहीच. उलट दुखायला लागली, गरम लागायला लागली. सहाव्या दिवशी ती बोराएवढी झाली असं त्यांच्या बोटांनी सांगितलं. बोटांना फसवता येत नाही!

अकराव्या दिवशी त्यांचा टाका वाकडा गेला. तीस वर्षांत असं घडलं नव्हतं. सुनेनं यंत्र बंद केलं.

"आई, हात का आखडलाय तुमचा?"

"झोपेत अवघडला."

"हळू बोला. गादीवालीचा हात झोपेत अवघडतो हे गिऱ्हाइकानं ऐकलं तर दुकान बंद करावं लागेल."

एरवी काकू हसल्या असत्या, वर एखादा टोमणाही मारला असता. आज त्या नुसत्या दाभणीकडे बघत राहिल्या. सून जवळ आली, खाली बसली. तिच्या केसांवर कापसाची लव होती, भुवयांवरसुद्धा.

"आई?"

"काखेत गाठ आलीय," काकू म्हणाल्या. "ताईला आली होती तशी."

सून रडली नाही की ओरडली नाही. तिनं काकूंच्या हातातली दाभण काढून कापसात खोचली, उठली आणि भर सकाळी अकरा वाजता शटर खाली ओढलं.

"अगं, ती गादी आज द्यायचीय."

"झोपतील एक दिवस जमिनीवर. पाठीला चांगलं असतं म्हणतात. चला."

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना एका औषधाच्या दुकानाच्या वर होता, चौदा पायऱ्या चढून. काकूंनी त्या मोजल्या, कारण दुसरा कुठलाही विचार करायचा नव्हता. सुनेनं आधी काकूंच्या बहिणीचं सांगून टाकलं, मग डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. कधीपासून, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घामानं कपडे भिजतात का. काकू मान हलवत राहिल्या. नाही. नाही. नाही.

"हाताला काही लागलं होतं? कापलं, भाजलं, खरचटलं?"

"नाही हो. काही नाही."

मग तपासणी झाली. दोन्ही काखा, गळा, गळ्याखालच्या हाडाच्या वरचे खड्डे, दोन्ही बाजूंनी छाती. डॉक्टरीणबाईंची बोटं थंड होती आणि घाईत नव्हती. काकूंना वाटलं, ही बाई गादी चांगली तपासेल.

"दुखतेय, बोटाखाली सरकतेय, फार टणकही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे सगळं चांगलं आहे. पण मग ती सुजली कशानं? खरंच काही लागलं नव्हतं?"

"सांगितलं ना, नाही."

"आई," सून म्हणाली, "आणि अंगठा?"

"कुठला अंगठा?"

"अहो, दोन आठवड्यांपूर्वी दाभण घुसली ना नखाशेजारी! चिंधी अजून तशीच आहे."

"ते काय लागणं झालं?" काकू जवळजवळ चिडल्याच. "दाभण तर रोजच टोचते. ते धरायला लागले तर मला वर्षभर लागलेलंच असेल."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. कळकट चिंधीचे तीन वेढे सुटले. खाली उजवा अंगठा टोमॅटोसारखा लाल, नखाच्या कडेला पू. तिघींनी मिळून तो पाहिला. काकूंना स्वतःच्याच अंगठ्याची लाज वाटली.

"काकू, हे बघा. अशा गाठी तुमच्या अंगात पहिल्यापासून आहेत. गळ्याला, काखेत, जांघेत. हातातून जंतू आत शिरले की काखेतली गाठ त्यांना अडवते. अडवता अडवता सुजते."

"म्हणजे ही नवी नाही?"

"जन्मापासूनची. सध्या कामावर आहे, म्हणून कळली."

"पण ती वाढली. मी रोज बघत होते."

"कशी बघत होता?"

काकूंनी अंगठा आणि तर्जनी हवेत धरून चुरून दाखवलं. "पसरते का ते. कापसाची पसरते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सुनेनं कपाळावर हात मारला.

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा." मग जरा थांबून, "आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं तर."

"अहो, गादीला रोज एवढं तिंबलं तर ती पण सुजेल! आजपासून हात लावायचा नाही. फक्त रविवारी, एकदा, हळूच. अंगठ्यासाठी गोळ्या देते. गाठ लगेच जाणार नाही, तीन-चार आठवडे घेईल, थोडीशी कायमची राहिली तरी घाबरायचं नाही. मात्र दुखणं जाऊन टणक झाली, वाढत राहिली, जागची हलेना, तर त्याच दिवशी यायचं. आणि तुमचं वय आहे, बहिणीचं झालेलं आहे, तर छातीचे फोटो आणि सोनोग्राफी आत्ताच करून घेऊ. मला नव्वद टक्के खात्री आहे. उरलेल्या दहासाठी तुम्हाला जागं कशाला ठेवायचं?"

तपासण्या होऊन अहवाल यायला चार दिवस गेले. ते कसे गेले ते काकूंनाच ठाऊक. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "स्वच्छ. छातीत काही नाही. काखेतली गाठ जंतूंमुळेच सुजलीय."

"पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. काकूंचा जीव भांड्यात पडला.

चौदापैकी सहा पायऱ्या उतरल्यावर त्या मध्येच बसल्या. सूनही बसली. खालून वर येणाऱ्या माणसाला दोघींनी अंग चोरून वाट दिली.

"ताईला वाटलं असेल, आपण सांगितलं की घर हादरेल," काकू म्हणाल्या. "मी तिच्यावर किती रागावले गं. आणि अकरा दिवस मीही तेच केलं."

"तुम्ही आठ महिने नाही केलं," सून म्हणाली. "मी करू दिलंच नसतं. तुमचा वाकडा टाका लांबूनही दिसतो."

गोळ्यांनी अंगठा आठवड्याभरात बरा झाला. प्रश्न बोटांचा होता. त्यांना गाठ कुठे आहे ते ठाऊक होतं, आणि आता तिकडे जायची बंदी. काम करता करता उजवी काख आठवायची आणि डावा हात निघायचाच. सुनेनं एक जुनी टोपली आणून काकूंच्या शेजारी ठेवली. तिच्यात न पिंजलेला, गुठळ्यांचा कापूस होता.

"हात शिवशिवला की यातली एक गाठ फोडा."

"मी काय लहान मूल आहे?"

"मुलं बरी. सांगितलेलं ऐकतात."

पहिल्या दिवशी टोपली दुपारीच संपली. सुनेनं दुसरी भरली. पहिल्या रविवारी काकूंनी मोरीचं दार न लावताच काखेत बोट ठेवलं आणि बाहेर आवाज दिला, "तशीच आहे. दुखत नाही." मग लगेच टोपलीशी येऊन बसल्या. मन खायचं तेव्हा मन खातंय असं त्या आता उघड म्हणायच्या, आणि सून म्हणायची, "खाऊ दे, तुम्ही दोरा ओवा." दुसऱ्या रविवारपर्यंत गाठ वाटाण्यावर आली. डॉक्टरीणबाईंनीही पाहिली आणि पुढच्या महिन्यात या म्हणाल्या. टोपली मग दोन दोन दिवस पुरू लागली. नंतर तर तिच्यात कुणीतरी दोऱ्याची रिळं ठेवली आणि ती तिथेच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात एक मोठं काम आलं, एका वसतिगृहाच्या बावीस गाद्या. शेवटच्या गादीशेजारी काकू गुडघ्यांवर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे पायथ्याकडे निघालेले. सून हातात पुढच्या कामाची नवी खोळ घेऊन उभी होती. तिला एकदम आठवलं.

"आई, काल रविवार होता. बघितली का?"

काकूंचे हात थांबले. त्यांनी डोळे उघडले, आठवायला लागल्या.

"अगं, राहिलंच की. ती खोळ आण इकडे, उलट्या बाजूनं शिवलीयस तू."